अगाथा ख्रिस्ती: मानसन्मान आणि त्यांच्या आवडीची पुस्तकं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नुसती पुरस्कारांची यादी वाचून ख्रिस्तीबाईंची थोरवी कळत नाही. त्या काय वाचत होत्या, कुणाच्या युक्तीला दाद देत होत्या आणि कुणासारखं लिहिता यावं असं त्यांना वाटत होतं, हे पाहिलं की त्यांच्या कादंबऱ्यांची वीण दिसू लागते. म्हणून इथे दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत. कोणत्याही कादंबरीतला गुन्हेगार किंवा गुन्ह्याची युक्ती खाली उघड केलेली नाही, तेव्हा ज्यांनी अजून काहीच वाचलेलं नाही त्यांनीही निर्धास्त वाचावं.

ख्रिस्तीबाईंना मिळालेले मोठे सन्मान कोणते?

‘मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका’ या संस्थेचा ‘ग्रँड मास्टर’ हा सन्मान पहिल्यांदा त्यांनाच मिळाला, १९५५ साली. त्याच वर्षी ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ या त्यांच्या नाटकाला उत्कृष्ट नाटकाचा एडगर हा याच संस्थेचा पुरस्कार मिळाला आणि न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांनीही ते वर्षातलं उत्तम परदेशी नाटक ठरवलं. १९५६ मध्ये त्या ‘कमांडर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ झाल्या, १९६१ मध्ये एक्झेटर विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली आणि १९७१ मध्ये ‘डेम’ हा किताब आला. त्यांचे पती, पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन, यांना १९६८ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली होती. त्यामुळे त्या ‘लेडी मॅलोवन’ आधीच होत्या. ‘डेम अगाथा’ मात्र स्वतःच्या कर्तृत्वावर.

ब्रिटनमधला ‘डॅगर’ पुरस्कार त्यांना का मिळाला नाही?

‘क्राइम रायटर्स असोसिएशन’ ही ब्रिटिश संस्था १९५३ मध्ये स्थापन झाली आणि तिचा वार्षिक पुरस्कार १९५५ मध्ये सुरू झाला. तोवर ख्रिस्तीबाईंची पहिली कादंबरी येऊन ३५ वर्षं झाली होती. हा पुरस्कार त्या त्या वर्षातल्या एका कादंबरीसाठी असतो, आणि त्यांची सर्वांत गाजलेली पुस्तकं त्याआधीच येऊन गेली होती. एकंदर कारकिर्दीसाठीचा ‘डायमंड डॅगर’ १९८६ पासून दिला जातो. ख्रिस्तीबाई १२ जानेवारी १९७६ रोजी गेल्या.

याच संस्थेने २०१३ मध्ये आपल्या सुमारे ६०० सदस्य लेखकांचा कौल घेतला. त्यात ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (१९२६) ही आजवरची सर्वोत्तम गुन्हेकादंबरी आणि ख्रिस्तीबाई सर्वोत्तम लेखिका ठरल्या. सर्वोत्तम मालिकेचा मान शेरलॉक होम्सकडे गेला.

मग दुसऱ्या एखाद्या यादीत त्यांचं पुस्तक खाली का दिसतं?

मत देणारे बदलतात म्हणून. १९९० च्या ब्रिटिश यादीत पहिला क्रमांक जोसेफिन टे यांच्या ‘द डॉटर ऑफ टाइम’ला होता आणि ‘ॲक्रॉइड’ पाचव्या स्थानी. १९९५ च्या अमेरिकन यादीत ‘अँड देन देअर वेअर नन’ दहावी आणि ‘ॲक्रॉइड’ बारावी. तिथे हॅमेट आणि चँडलर या अमेरिकन गुन्हेकथाकारांच्या परंपरेचं वजन जास्त. २००० मध्ये बाउचरकॉन या रहस्यकथाप्रेमींच्या संमेलनात शतकातली सर्वोत्तम कादंबरी म्हणून डाफ्नी द्यु मॉरिए यांची ‘रिबेका’ निवडली गेली, पण शतकातल्या सर्वोत्तम लेखिका ख्रिस्ती आणि सर्वोत्तम मालिका त्यांच्या बेल्जियन गुप्तहेराची, म्हणजे प्वारोची. एकाच यादीवर विसंबून वाचायला घेऊ नका. तिन्ही-चारही याद्यांत पुन्हा पुन्हा येणारी दोन नावं ‘ॲक्रॉइड’ आणि ‘अँड देन देअर वेअर नन’ हीच आहेत, आणि आमच्या मते ते रास्त आहे.

दोन अब्ज प्रती खपल्या हे खरं का?

गिनेसच्या नोंदीत त्या सर्वाधिक खपाच्या कथात्मक लेखिका आहेत आणि आकडा सुमारे दोन अब्ज असा दिला आहे. तो अंदाज आहे, मोजणी नव्हे. शंभराहून अधिक भाषांतल्या, वेगवेगळ्या दशकांतल्या आवृत्त्यांचा तंतोतंत हिशेब कुणाकडेही असू शकत नाही. पुस्तकांची गणती मात्र पक्की आहे: ६६ रहस्यकादंबऱ्या, १४ कथासंग्रह, शिवाय मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने लिहिलेल्या सहा कादंबऱ्या. या सहांमध्ये खून नाही, आणि त्या प्वारोच्या अपेक्षेने हाती घेणारा वाचक हमखास निराश होतो.

समीक्षकांपलीकडची, त्यांना विशेष आवडलेली दाद कोणती?

पहिल्याच कादंबरीला, म्हणजे ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ला, ‘फार्मास्युटिकल जर्नल’ या औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकाने दाद दिली. विषाचा विषय अचूक हाताळला आहे, असं त्यांनी आवर्जून लिहिलं. ही दाद ख्रिस्तीबाईंना फार मोलाची वाटली आणि त्याचं कारण त्यांच्या कामात होतं. पहिल्या महायुद्धात त्या टॉर्कीच्या रुग्णालयात आधी परिचारिका होत्या, मग औषधविभागात आल्या आणि १९१७ मध्ये औषधनिर्माणाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या औषधविभागात पुन्हा तेच काम केलं.

औषधविभागात मुख्य धोका मात्रेचा असतो. आत्मचरित्रात त्यांनी शिकाऊ काळातला एक प्रसंग सांगितला आहे. शिकवणाऱ्या औषधनिर्मात्याने दशमान पद्धतीत हिशेब करताना दशांश चिन्ह एक घर चुकवलं आणि गुदमार्गाने द्यायच्या औषधी वड्यांची मात्रा दहापट झाली. त्याला तोंडावर चूक दाखवणं अवघड होतं. म्हणून त्यांनी मुद्दाम ठेचकाळल्याचं नाटक करून त्या वड्या पायाखाली चिरडल्या, म्हणजे सगळ्या नव्याने कराव्या लागल्या. याच माणसाच्या खिशात क्युरारे नावाच्या विषाचा तुकडा असे, कारण जवळ असला की त्याला बलवान वाटायचं. हा माणूस त्यांच्या डोक्यात कित्येक वर्षं राहिला आणि ‘द पेल हॉर्स’ (१९६१) लिहिताना कामी आला.

त्या पुस्तकाला मिळालेली दाद तर कुठल्याही पुरस्काराहून मोठी आहे. १९७७ मध्ये कतारहून लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आणलेल्या एका तान्ह्या मुलीचा आजार डॉक्टरांना ओळखू येत नव्हता. तिथली एक परिचारिका त्या दिवसांत ‘द पेल हॉर्स’ वाचत होती. कादंबरीतली लक्षणं समोर दिसताहेत हे तिच्या ध्यानात आलं, तपासणीत त्याच विषाची खूण सापडली आणि मूल वाचलं.

लहानपणी त्यांनी कोणत्या रहस्यकथा वाचल्या?

ही यादी त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच दिली आहे. थोरली बहीण मॅज हिने त्यांना शेरलॉक होम्सची गोडी लावली. ‘द ब्ल्यू कार्बंकल’ ही त्यांची आवडती होम्सकथा. वयाच्या आठव्या वर्षी मॅजने त्यांना ॲना कॅथरीन ग्रीन या अमेरिकन लेखिकेच्या ‘द लेव्हनवर्थ केस’ (१८७८) ची गोष्ट सांगितली आणि त्या भारावून गेल्या. पुढे मोरिस लब्लाँचा चोर-नायक आर्सेन ल्युपँ आला. त्या कथा त्यांना मजेदार वाटल्या, पण खऱ्या अर्थाने रहस्यकथा वाटल्या नाहीत. पॉल बेक या गुप्तहेराच्या कथा होत्या, आणि आर्थर मॉरिसन यांच्या मार्टिन ह्युइटच्याही (आत्मचरित्रात त्यांनी चुकून ‘मार्क’ ह्युइट लिहिलं आहे, शोधताना ‘मार्टिन’च टाका).

‘द लेव्हनवर्थ केस’ आज वाचवतं का?

वाचवतं, पण एका ठिकाणी बहुतेक वाचक अडकतात. न्यूयॉर्कमधला एक धनाढ्य व्यापारी आपल्या अभ्यासिकेत गोळी लागून मेलेला सापडतो, आणि लगेच मृत्युचौकशीची बरीच प्रकरणं येतात. साक्षीमागून साक्ष. इथे घाई केली तर पुस्तक हातचं जातं, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक गोष्ट या साक्षींत पेरलेली आहे. घरात कोण होतं, दार कुणी लावलं, किल्ली कुठे होती, मोलकरीण हॅना कुठे गेली, एवढं एका कागदावर टिपून पुढे जा. व्यापाऱ्याच्या दोघी पुतण्यांमधले नाट्यपूर्ण संवाद त्या काळाला साजेसे भडक आहेत. ते सोसावे लागतात. बंद घर, इस्टेटीचे वारस, डॉक्टरांची साक्ष आणि घरातल्या नोकरांचं महत्त्व हा सगळा सांगाडा ख्रिस्तीबाईंनी इथून उचलला, हे वाचताना ठळक दिसतं.

रहस्यकथा लिहिण्यावरून बहिणीशी पैज लागली ती कोणत्या पुस्तकामुळे?

गास्ताँ लरू यांच्या ‘द मिस्टरी ऑफ द यलो रूम’मुळे. मूळ फ्रेंच कादंबरी १९०७ मध्ये नियतकालिकातून आली. दोघी बहिणींनी ती वाचली, तिच्यावर भरपूर चर्चा केली आणि ती उत्कृष्ट आहे यावर त्यांचं एकमत झालं. तेव्हा अगाथा म्हणाल्या, आपणही एखादी रहस्यकथा लिहून पाहावी. मॅज म्हणाली, तुला जमणार नाही. ती फार अवघड असते. काही वर्षांनी, युद्धाच्या काळात, औषधविभागात काम कमी असताना ‘स्टाइल्स’ लिहायला घेतली गेली. अनेक प्रकाशकांनी परत पाठवलेलं ते हस्तलिखित अखेर १९२० मध्ये अमेरिकेत छापलं गेलं.

‘यलो रूम’ घेताना एक गोष्ट तपासा: घराचा आराखडा छापलेला आहे का? कोड्यात दोन अशक्य प्रसंग आहेत. आतून बंद खोलीतून हल्लेखोर नाहीसा होतो, आणि पुढे चहूबाजूंनी अडवलेल्या मार्गिकेतून माणूस गायब होतो. दुसरा प्रसंग नकाशाशिवाय डोळ्यांपुढे येत नाही. स्वस्त ई-आवृत्त्यांत चित्रं गाळलेली असतात आणि वाचक लेखकाला दोष देतो. ‘स्टाइल्स’च्या बाबतीतही हेच: तिच्यातही घराचे नकाशे आणि कागदाच्या तुकड्यावरचं हस्ताक्षर छापलेलं आहे, आणि ती चित्रं शोभेसाठी नाहीत.

प्वारो स्वतः रहस्यकथांबद्दल बोलतो ते कुठे?

‘द क्लॉक्स’ (१९६३) मध्ये. निवृत्त प्वारो वेळ घालवायला रहस्यकथांचा फडशा पाडत असतो आणि एका प्रकरणात एकेका पुस्तकावर मत देतो. ‘लेव्हनवर्थ’च्या जुन्या वातावरणाला तो दाद देतो. ल्युपँ त्याला अवास्तव पण चैतन्याने भरलेला वाटतो. ‘यलो रूम’ला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत अभिजात म्हणतो आणि तिच्यावरचा अन्यायाचा आरोप खोडून काढतो: सत्य शब्दांत दडवलं आहे, पण सांगितलं आहे. ख्रिस्तीबाईंची सगळी कला या एका वाक्यात आली आहे असं आम्हाला वाटतं. होम्सचं नाव निघताच प्वारो ‘गुरुवर्य’ म्हणून वंदन करतो, मात्र होम्सला नव्हे, कॉनन डॉयलला. आणि डॉयलची खरी निर्मिती वॉटसन, असंही सांगतो. याच प्रकरणात काही लेखकांची नावं काल्पनिक आहेत. ती पुस्तकं ग्रंथालयात शोधू नका, सापडणार नाहीत.

समकालीन लेखकांपैकी त्यांना कोण आवडायचं?

१९४५ च्या सुमारास ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाच्या विनंतीवरून त्यांनी रशियन वाचकांसाठी इंग्लंडमधल्या रहस्यकथाकारांवर एक लेख लिहिला. तो २०१२ मध्ये ‘आस्क अ पोलिसमन’ या जुन्या सामूहिक कादंबरीच्या नव्या आवृत्तीत प्रस्तावना म्हणून आला. त्यात त्या मोकळेपणाने गुण-दोष सांगतात.

जॉन डिक्सन कार त्यांच्या लेखी दिशाभूल करण्याच्या कलेचा राजा. बहुतेक रहस्यकथा आता मला चकवत नाहीत, कार यांच्या मात्र नेहमी चकवतात, अशा अर्थाचं त्यांचं मत कार यांच्या पुस्तकांवर छापलेलं आढळतं. सुरुवात ‘द हॉलो मॅन’ (१९३५) पासून करा. तिच्या सतराव्या प्रकरणात कार यांचा गुप्तहेर डॉ. फेल बंद खोलीच्या युक्त्यांवर व्याख्यान देतो आणि ‘यलो रूम’ला सर्वश्रेष्ठ ठरवतो. ते व्याख्यान वाचण्याआधी ‘यलो रूम’ वाचून ठेवलेली बरी.

मार्जरी ॲलिंगहॅम यांना त्या तेजस्वी दिव्यासारख्या वेगळ्या उठून दिसणाऱ्या म्हणत. फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स म्हणजे ‘मी तिथे नव्हतोच’ हे वेळापत्रकाने सिद्ध करणाऱ्या गुन्हेगारांचे उस्ताद. त्यांची पुस्तकं वाचताना रेल्वेच्या वेळा शब्दशः लिहून काढाव्या लागतात, नाहीतर मधल्या शंभर पानांत काहीच हाती लागत नाही. डोरोथी सेयर्स यांचं त्या कौतुक करतात, पण त्यांचा गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी पुस्तकागणिक विनोदी माणसाचा देखणा नायक होत गेला, ही तक्रारही नोंदवतात. आम्हाला ती पटते. तरीही सेयर्स यांची ‘द नाइन टेलर्स’ (१९३४) कुणी चुकवू नये.

‘द बॉडी इन द लायब्ररी’ (१९४२) मध्ये एक लहान मुलगा आपल्याकडे कोणाकोणाच्या सह्या आहेत ते सांगतो: सेयर्स, डिक्सन कार, एच. सी. बेली आणि अगाथा ख्रिस्ती.

त्यांच्या आवडीची तयार वाचनयादी आहे का?

आहे, आणि ती कथासंग्रहाच्या रूपात आहे. ‘पार्टनर्स इन क्राइम’ (१९२९) मध्ये टॉमी आणि टपेन्स हे जोडपं गुप्तहेर कचेरी चालवतं आणि प्रत्येक प्रकरणात एखाद्या प्रसिद्ध गुप्तहेराची पद्धत उचलतं. ‘द मॅन इन द मिस्ट’ ही चेस्टरटन यांच्या फादर ब्राउनची रीत. ‘द अनब्रेकेबल अलिबाय’ क्रॉफ्ट्स यांच्या इन्स्पेक्टर फ्रेंचची. ‘द सनिंगडेल मिस्टरी’ बॅरोनेस ऑर्त्सी यांच्या चहागृहात कोपऱ्यात बसून दोऱ्याच्या गाठी मारणाऱ्या म्हाताऱ्याची. ‘द अफेअर ऑफ द पिंक पर्ल’ ऑस्टिन फ्रीमन यांच्या डॉ. थॉर्नडाइकची, ‘द ॲम्बॅसडर्स बूट्स’ बेली यांच्या रेजी फॉर्च्युनची. शेवटच्या कथेत त्या स्वतःच्या प्वारोचीही नक्कल करतात.

आधी मूळ लेखकाची एक कथा वाचायची आणि मग ख्रिस्तीबाईंची, असा क्रम ठेवला तर नक्कल कुठे आहे ते कळतं. उलट क्रमाने वाचणाऱ्यांना हा संग्रह फिका वाटतो. यातले काही गुप्तहेर पुढे इतके विस्मरणात गेले की आत्मचरित्र लिहिताना खुद्द ख्रिस्तीबाईंनाही काहींची ओळख पटत नव्हती.

रहस्यकथांबाहेर त्यांना काय आवडायचं?

एलिझाबेथ बोवेन, म्युरिएल स्पार्क आणि ग्रॅहम ग्रीन. यांच्यासारखं लिहिता आलं असतं तर आनंदाने आभाळाला हात टेकले असते, पण ते आपल्याला जमणारं नाही, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. लगेच पुढे त्या स्वतःच्या मर्यादा मान्य करून आपलं जे आहे ते नीट करण्याविषयी बोलतात. जगभर खपणाऱ्या लेखिकेने हे इतकं साधेपणाने लिहावं, याचं आम्हाला फार अप्रूप आहे.

डिकन्स त्यांच्या घरात मोठ्याने वाचला जायचा आणि ‘ब्लीक हाउस’ त्यांची लाडकी. १९६२ च्या सुमारास एमजीएम या चित्रपट कंपनीसाठी त्यांनी तिची पटकथाही लिहिली. चित्रपट झाला नाही. रहस्यप्रेमींनी ‘ब्लीक हाउस’ वाचताना इन्स्पेक्टर बकेटकडे लक्ष द्यावं. साधा, गप्पिष्ट, सगळ्यांशी आपुलकीने बोलून माहिती काढणारा हा पोलिस पुढच्या अनेक गुप्तहेरांचा पूर्वज आहे. कादंबरी प्रचंड मोठी आहे. मुळात ती मासिक हप्त्यांत आली होती, म्हणून दर बैठकीला तीन-चार प्रकरणं हे प्रमाण तिला मानवतं.

विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस यांना तर त्यांनी ‘हॅलोवीन पार्टी’ (१९६९) अर्पण केली आहे. त्यांच्या पुस्तकांनी माझं आयुष्य उजळलं, आणि त्यांनाही माझी पुस्तकं आवडतात हे त्यांनी कळवलं याचा आनंद वाटतो, असा त्या अर्पणपत्रिकेचा आशय आहे.

कवितेची आवड शीर्षकांत दिसते. ‘एंडलेस नाइट’ ब्लेकमधून, ‘द मिरर क्रॅक्ड’ टेनिसनमधून, ‘टेकन ॲट द फ्लड’ आणि ‘बाय द प्रिकिंग ऑफ माय थम्ब्ज’ शेक्सपिअरमधून, ‘द पेल हॉर्स’ बायबलमधून.

डिटेक्शन क्लब म्हणजे काय? तिथे त्यांचं स्थान काय होतं?

१९३० मध्ये लंडनमध्ये सुरू झालेलं हे रहस्यकथाकारांचं मंडळ. नव्या सदस्याला शपथ घ्यावी लागे: आपला गुप्तहेर दैवी साक्षात्कार, योगायोग वगैरेंवर विसंबणार नाही आणि वाचकापासून महत्त्वाचा दुवा लपवणार नाही. पहिले अध्यक्ष चेस्टरटन, मग ई. सी. बेंटली, मग सेयर्स. १९५७ मध्ये सेयर्स गेल्यानंतर अध्यक्षपद ख्रिस्तीबाईंकडे आलं आणि मृत्यूपर्यंत राहिलं. सभेत बोलायचा त्यांना इतका संकोच होता की भाषणं आणि समारंभ सांभाळायला लॉर्ड गोरेल यांना सहअध्यक्ष नेमण्यात आलं.

त्यांच्यावर टीका कुणी केली? ती वाचावी का?

एडमंड विल्सन यांनी १९४५ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये ‘रॉजर ॲक्रॉइडला कुणी मारलं याची पर्वा कुणाला?’ अशा अर्थाचा लेख लिहून सगळ्या प्रकारालाच नाकारलं. रेमंड चँडलर यांनी १९४४ च्या ‘द सिंपल आर्ट ऑफ मर्डर’ या निबंधात ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’वर कठोर शब्द वापरले. दोन्ही वाचण्याजोगे आहेत. पण चँडलर यांचा निबंध ‘ओरिएंट एक्स्प्रेस’ वाचल्यावरच उघडा. त्यात उकल सांगून टाकलेली आहे. माणसं सपाट असतात हा आक्षेप ख्रिस्तीबाईंच्या कमकुवत पुस्तकांना लागू पडतो. ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ (१९४२) वाचलेल्या माणसाला तो सरसकट मान्य होणार नाही.

त्यांची स्वतःची आवडती पुस्तकं कोणती?

आत्मचरित्रात त्यांनी ‘क्रुकेड हाउस’ आणि ‘ऑर्डील बाय इनोसन्स’ या दोन पुस्तकांनी सर्वाधिक समाधान दिल्याचं म्हटलं आहे, आणि पुन्हा वाचताना ‘द मूव्हिंग फिंगर’ही आवडली, अशी भर घातली आहे. १९७२ मध्ये एका जपानी अनुवादकाला त्यांनी दहा नावं कळवली. वरच्या तिघांखेरीज ‘अँड देन देअर वेअर नन’, ‘ॲक्रॉइड’, ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’, ‘ओरिएंट एक्स्प्रेस’, ‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’, ‘टुवर्ड्स झीरो’ आणि ‘एंडलेस नाइट’. दहांमध्ये प्वारोच्या दोनच कादंबऱ्या आहेत. एवढी वर्षं सोबत केलेल्या त्या बेल्जियन गृहस्थाला त्या कंटाळल्या होत्या, हे यावरूनही कळतं.

कोणत्या क्रमाने वाचायचं म्हणजे रहस्य फुटणार नाही?

प्रकाशनाचा क्रम पाळायची गरज नाही, पण चार पथ्यं पाळाच.

‘डम्ब विटनेस’ (१९३७) मध्ये प्वारो बोलता बोलता आधीच्या चार पुस्तकांतल्या गुन्हेगारांची नावं घेतो. म्हणून ‘स्टाइल्स’, ‘ॲक्रॉइड’, ‘द मिस्टरी ऑफ द ब्ल्यू ट्रेन’ आणि ‘डेथ इन द क्लाउड्स’ त्याआधी. ‘कार्ड्स ऑन द टेबल’ (१९३६) मध्ये ‘ओरिएंट एक्स्प्रेस’च्या उकलीकडे बोट दाखवलं आहे, तेव्हा ‘ओरिएंट’ आधी. ‘अ कॅरिबियन मिस्टरी’ आधी आणि ‘नेमेसिस’ नंतर. आणि ‘कर्टन’ (१९७५) प्वारोच्या सगळ्यांत शेवटी. ती दुसऱ्या महायुद्धात लिहून तिजोरीत ठेवलेली होती. ती यायच्या सुमारास ६ ऑगस्ट १९७५ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर प्वारोच्या निधनाची बातमी छापली होती.

वाचताना स्वतः शोध घ्यायचा असेल तर तीन रकाने आखा: काय सांगितलं, कुणी सांगितलं, दुसऱ्या कुणी दुजोरा दिला का. तीन-चतुर्थांश पुस्तक झालं की थांबा. तिसरा रकाना रिकामा असलेल्या ओळी पुन्हा पाहा. एकाच माणसाच्या तोंडून कळलेली गोष्ट आपण खरी धरून चालतो, आणि ख्रिस्तीबाई आपल्याला बहुतेक वेळा तिथेच पकडतात.

तेच पुस्तक दुसऱ्या नावाने पुन्हा विकत घेतलं, असं का होतं?

अमेरिकन आवृत्त्यांची नावं वेगळी होती म्हणून. ‘मर्डर इन द कॅले कोच’ म्हणजे ‘ओरिएंट एक्स्प्रेस’, ‘प्वारो लूझेस अ क्लायंट’ म्हणजे ‘डम्ब विटनेस’, ‘डेथ इन द एअर’ म्हणजे ‘डेथ इन द क्लाउड्स’, ‘मर्डर इन रेट्रोस्पेक्ट’ म्हणजे ‘फाइव्ह लिटल पिग्ज’, ‘रिमेम्बर्ड डेथ’ म्हणजे ‘स्पार्कलिंग सायनाइड’, ‘द ट्यूझडे क्लब मर्डर्स’ म्हणजे ‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’. जुन्या पुस्तकांच्या दुकानात या आवृत्त्या सरमिसळ असतात. घेण्याआधी आतल्या पानावरची मूळ नावाची आणि प्रथम प्रकाशनाच्या वर्षाची ओळ पाहा. कथासंग्रहांत हा घोळ जास्त असतो, कारण एकच कथा दोन-तीन संग्रहांत येते.

मराठी अनुवाद घेताना काय पाहावं?

मूळ शीर्षक आणि वर्ष दिलं आहे का ते पाहा, आणि ‘संक्षिप्त’ हा शब्द कुठे बारीक अक्षरांत आहे का तेही. ख्रिस्तीबाईंच्या कादंबरीत कापाकापी करणं धोक्याचं असतं. चहाच्या वेळच्या वायफळ वाटणाऱ्या गप्पा संपादक आधी गाळतो, आणि दुवा नेमका तिथेच असतो. मग शेवट हवेतून काढल्यासारखा वाटतो आणि दोष लेखिकेच्या माथी येतो. प्रकरणांची संख्या मूळ पुस्तकाशी ताडून पाहणं, ही सगळ्यांत सोपी तपासणी.

ही पुस्तकं इंटरनेटवरून फुकट उतरवून घेणं कायदेशीर आहे का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. ख्रिस्तीबाई १९७६ मध्ये गेल्या, म्हणून त्यांची पुस्तकं इथे २०३६ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. अमेरिकेत हिशेब प्रकाशनवर्षाचा असल्याने ‘स्टाइल्स’ आणि ‘ॲक्रॉइड’ तिथे मुक्त झाली आहेत आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर दिसतात. भारतातल्या वाचकाला तो नियम लागू होत नाही. डॉयल, ग्रीन, लरू, चेस्टरटन आणि डिकन्स इथे मुक्त आहेत. सेयर्स आणि क्रॉफ्ट्स दोघंही १९५७ मध्ये गेल्यामुळे २०१८ पासून तेही. अनुवादकाचा हक्क मात्र वेगळा असतो: लरू मुक्त असला तरी त्याचा अलीकडचा इंग्रजी किंवा मराठी अनुवाद मुक्त नसतो.

‘द माउसट्रॅप’ अजून चालू आहे का? त्याचा चित्रपट का नाही?

२५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनच्या ॲम्बॅसडर्स थिएटरमध्ये हे नाटक सुरू झालं, १९७४ मध्ये शेजारच्या सेंट मार्टिन्समध्ये गेलं. करोनामुळे मार्च २०२० मध्ये खंड पडला आणि १७ मे २०२१ पासून ते पुन्हा उभं राहिलं. मुळात १९४७ मध्ये राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त बीबीसीसाठी लिहिलेली ही श्रुतिका. लंडनमधले प्रयोग थांबून सहा महिने झाल्याशिवाय चित्रपट काढायचा नाही, अशी करारातली अट आहे. प्रयोगानंतर गुन्हेगाराचं नाव बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते.

भारतात त्यांच्या कथांवर काय झालं आहे?

‘गुमनाम’ (१९६५) हा ‘अँड देन देअर वेअर नन’वर बेतलेला आहे. बी. आर. चोप्रांचा ‘धुंद’ (१९७३) ‘द अनएक्स्पेक्टेड गेस्ट’ या नाटकावर, ऋतुपर्ण घोष यांचा बंगाली ‘शुभ महरत’ (२००३) ‘द मिरर क्रॅक्ड’वर, आणि विशाल भारद्वाज यांची २०२३ ची ‘चार्ली चोप्रा’ ही मालिका ‘द सिटाफर्ड मिस्टरी’वर. ‘शुभ महरत’ आम्हाला यांत सर्वांत सरस वाटतो, कारण राखी यांनी साकारलेली रंगापिशी ही ख्रिस्तीबाईंच्या मिस मार्पल या वृद्ध, हौशी गुप्तहेर बाईंची नक्कल न वाटता कोलकात्यातल्या घरातलीच वाटते. चारही बाबतींत आधी पुस्तक वाचा.

फार वेळ नाही. त्यांच्या आवडीचं काहीतरी आणि त्यांचं स्वतःचं काहीतरी, एवढंच सांगा.

‘द ब्ल्यू कार्बंकल’ एका तासात होते. ‘यलो रूम’ला आठवडा द्या, नकाशा असलेली प्रत घ्या. मग ‘क्रुकेड हाउस’ (१९४९). तिच्यात प्वारो नाही, मिस मार्पल नाही. एक मोठं कुटुंब, एक वाडा आणि एक मृत्यू. प्रकाशकांनी शेवट बदलायला सांगितला होता, ख्रिस्तीबाईंनी तो बदलला नाही.